इतवारीचा थ्री-नॉट-थ्री काडतूस-संच: बँडोलियर डोळे मिटून घ्या, पाऊच डोळे उघडे ठेवून

नागपूरच्या इतवारीत ताडपत्र्या, तंबू आणि गाड्यांची कव्हरं शिवणाऱ्यांपैकी एका दुकानात थ्री-नॉट-थ्री रायफलच्या काडतुसांचे जुन्या पद्धतीचे पट्टे आणि पाऊच शिवून मिळतात. गिऱ्हाईक ठरलेलं आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू होणारी झाडीपट्टीची नाटकमंडळी, शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं, एनसीसीची प्रदर्शनं आणि लघुपट काढणारी तरुण पोरं. संचात तीन वस्तू येतात: पन्नास काडतुसांचा सुती बँडोलियर (खांद्यावरून तिरका घालायचा खिशांचा पट्टा), ब्रिटिश सैन्याच्या १९०८ च्या नमुन्याच्या पाऊचची जोडी (कमरपट्टा आणि खांदपट्ट्यांसह) आणि १९३७ च्या नमुन्याचे दोन मोठे पाऊच. तिन्ही सुटेही मिळतात आणि सुटेच घ्यावेत, कारण तिन्हींचा दर्जा सारखा नाही.

काडतुसं लावलेला शिपाई फोटोत झकास दिसतो, आणि बहुतेक शिवणारे तो फोटो समोर ठेवूनच शिवतात. पण पाऊचची परीक्षा तीन ठिकाणी होते. पूर्ण वजन भरून पळताना तो उडतो का? पालथं पडून सरपटताना त्याचं तोंड उघडतं का? आणि नजर समोर ठेवून, नुसत्या हाताच्या अंदाजाने, त्यातून पाच काडतुसांची क्लिप एका ओढीत बाहेर येते का? ह्या मागण्यांचं आपसात पटत नाही. झाकण घट्ट केलं की बोटं शिरत नाहीत, सैल ठेवलं की माल मातीत. हँगरवर टांगलेल्या पाऊचमध्ये ह्यातलं काहीच कळत नाही, म्हणून ह्या परीक्षणात प्रत्येक वस्तू भरून आणि जमिनीवर पालथं पडून तपासलेली आहे.

आधी क्लिपबद्दल, कारण तिच्याशिवाय खिशाचं माप समजत नाही. थ्री-नॉट-थ्रीच्या मार्क ७ काडतुसाचं वजन साधारण २५ ग्रॅम, लांबी ७८ मिलिमीटर. त्याच्या बुडाला १३.७ मिलिमीटर व्यासाची बाहेर आलेली कड असते आणि सगळ्या भानगडीचं मूळ ती कड आहे. मॅगझीनमध्ये, म्हणजे रायफलीतल्या काडतुसांच्या डबीत, वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे बसली, तर बोल्ट (काडतूस नळीत सरकवणारा दांडा) पुढे ढकलताना वरचं काडतूस खालच्याला अडकतं आणि रायफल तिथेच मुकी होते. पत्र्याच्या क्लिपमध्ये पाच काडतुसं वर-खाली रचायची रीत होती: पहिलं, तिसरं आणि पाचवं खाली, दुसरं आणि चौथं वर. अशी रचलेली क्लिप दोन्ही टोकांकडून सारखीच असते, त्यामुळे अंधारात ती उलटी की सुलटी हे पाहायची गरज पडत नाही. क्लिप रायफलच्या खाचेत उभी करायची, अंगठ्याने काडतुसं खाली दाबायची आणि बोल्ट पुढे नेला की रिकामी क्लिप आपोआप उडून पडते. मॅगझीन दहाचं, म्हणजे दोन क्लिपा.

तेव्हा शिपाई काडतूस सुटं बाळगत नसे, तो क्लिपा बाळगत असे, आणि प्रत्येक खिसा क्लिपांच्या हिशेबाने शिवलेला असे. बँडोलियरच्या खिशात दोन क्लिपा, म्हणजे एक मॅगझीन भरेल एवढा माल. १९०८ च्या पाऊचच्या खिशात तीन क्लिपा, म्हणजे १५ गोळ्या. १९१४ च्या आधी ब्रिटिश सैन्याच्या नेमबाजी परीक्षेत ३०० यार्डांवरच्या लक्ष्यावर एका मिनिटात १५ गोळ्या नेमाने झाडायच्या असत. त्या वेगाने दोन्ही बाजूंची पाऊच, दहा खिसे, दीडशे काडतुसं, दहा मिनिटांत रिकामी. अंगावर दीडशे बाळगणारा माणूस फार मोठी शिदोरी घेऊन निघालाय असं वाटतं, पण ती एका चकमकीपुरती असते. उरलेला माल मागून खेचरं, गाड्या आणि माणसंच आणून देत.

आता बँडोलियर. संचातली ही सर्वात स्वस्त वस्तू, आणि सर्वात बरोबर शिवलेलीही. मूळ बँडोलियर ही टाकाऊ वस्तू होती. पातळ खाकी सुती कापड, पाच खिसे, प्रत्येकात दोन क्लिपा, वर झाकण आणि खांद्यावरून घालायला कापडाचीच पट्टी. कारखान्यातून तो भरूनच पेटीत येई. पेटी फोडायची, बँडोलियर गळ्यात घालायचा आणि निघायचं. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोम नदीजवळच्या हल्ल्यात निघालेल्या ब्रिटिश शिपायांकडे २२० काडतुसं असल्याचे दाखले आहेत. पाऊचमधली १२० आणि वर दोन बँडोलियर, असा तो हिशेब. नुसत्या काडतुसांचं वजन साडेपाच किलो, आणि त्यावर बॉम्ब, वाळूची पोती, फावडं वेगळंच.

दुकानाने कापड योग्य निवडलं आहे, पातळ खाकी ड्रिल, ताडपत्रीचा कॅनव्हास नाही. इथेच बाकीचे शिवणारे चुकतात. जाड कॅनव्हासचा बँडोलियर छातीला धरत नाही, तो पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. ह्याचे खिसे बरोबर मापाचे आहेत. भरलेली क्लिप रुंदीला साठ-पासष्ट मिलिमीटर होते, आणि अशा दोन क्लिपा पाठीला पाठ लावून आत सरकतात, हलत नाहीत, पण दोन बोटांनी धरून ओढल्या की निघतात. खिशांमधली शिवण दुहेरी आहे. वजन भरून खांद्यावर टाकला तर टाके ताणले जात नाहीत. पन्नास काडतुसं आणि दहा क्लिपा मिळून साधारण १.४ किलो होतात, हे लक्षात ठेवून वजनाची चाचणी घ्यावी.

त्याचे दोष दोनच. खांद्याची पट्टी लांब आहे. बेताच्या उंचीच्या माणसाला खिसे पोटावर येतात, आणि पोटावर आलेला बँडोलियर पालथं पडल्यावर काडतुसांवर झोपवतो. तो छातीच्या वरच्या भागात, बगलेकडे सरकलेला हवा. पट्टी कापू नका. खांद्याच्या मागे साधी गाठ मारून ती आखूड करा. गाठ मारलेला बँडोलियर जास्त खरा दिसतो हा वरचा फायदा. दुसरा दोष टिचबटणांचा. ती लोखंडाची आहेत, वर पितळी मुलामा. नागपूरचा एक पावसाळा काढला की मुलामा उडतो आणि खाकीवर तांबूस डाग उतरतात, जे पुढे कशानेही निघत नाहीत. पितळी टिचबटणं लावून मागा, दर किरकोळ वाढतो. काही ठिकाणी ह्याच वस्तूला वेल्क्रो लावून देतात, ती मुळीच घेऊ नका. वेल्क्रोचं पेटंट १९५० च्या दशकातलं आहे, आणि त्याचा चर्रर आवाज पहिल्या रांगेपर्यंत जातो.

पाऊचची १९०८ ची जोडी ही संचातली महाग वस्तू आणि तिच्याबद्दलच जास्त बोलायला हवं. हा नमुना मेजर बरोज ह्या अधिकाऱ्याच्या कल्पनेतून आला आणि मिल्स इक्विपमेंट कंपनीने तो तयार केला. चामडं बाजूला सारून सगळा साज सुती नवारीचा करायचा, हा त्यातला मोठा बदल. कमरपट्टा तीन इंच रुंद. त्याला पुढे डावीकडे आणि उजवीकडे एकेक काडतूस-पाऊच. प्रत्येकात पाच खिसे, खाली तीन आणि वर दोन. दोन इंची खांदपट्टे पुढे पाऊचना आणि मागे पट्ट्याला जोडलेले. पाठीवर पिशवी. सगळा साज एकमेकांत गुंतलेला, त्यामुळे बंडीसारखा एकदम अंगात घालता येई आणि एकदम उतरवता येई. चालताना कमरेचं बक्कल सोडलं तरी काही खाली पडत नसे, कारण पुढच्या काडतुसांना मागच्या पिशवीचं वजन तोलून धरत असे.

हा तोल दुकानदाराने सांगितलेला नाही, आणि घेणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसतो. मग तक्रार येते की पाऊच पुढे लोंबतात, खांदपट्टे मानेत रुततात, पट्टा पुढून खाली उतरतो. दोष शिवणीचा नाही. दहा खिशांत भरलेलं चार किलोच्या वरचं वजन पुढे आहे आणि पाठ रिकामी आहे. पाठीवर भरलेली पिशवी घाला, डाव्या कमरेला झोळी आणि उजव्या कमरेला पाण्याची बाटली द्या, साज लगेच जागेवर बसतो. नाटकात पिशवी नको असेल तर खिशांत पूर्ण वजन भरू नका, थर्माकोल भरा.

आता दुकानाच्या शिवणीतले खरे दोष. पहिला आणि सर्वात ठळक: दोन्ही पाऊच एकाच बाजूचे शिवले जातात. मूळ साजात डावा आणि उजवा पाऊच वेगळा होता, एकाचं आरशातलं प्रतिबिंब दुसरा. इथे कापणाऱ्याकडे एकच फर्मा (कापड बेतायचा साचा) आहे. त्यामुळे उजव्या बाजूला लावलेल्या पाऊचच्या खांदपट्ट्याची पकड चुकीच्या कडेला येते आणि वजन पडलं की तो तिरका होतो. ह्यावर दुकानात उत्तर मिळतं, ‘‘भाऊ, स्टेजवर कोन पायते?’’ स्टेजवर खरंच कोणी पाहत नाही. कॅमेऱ्यासमोर मात्र तिरका पाऊच पहिल्याच शॉटला दिसतो. मागणी नोंदवताना फर्मा उलटा करून दुसरा पाऊच कापायला सांगा. कागदावर चित्र काढून द्या, तोंडी सांगितलेलं मशीनवर पोचत नाही.

दुसरा दोष खिशांच्या पोटाचा. मिल्सच्या कामाची खासियत अशी की कापड विणतानाच त्यात खिसा उठवण्याची त्यांची पद्धत होती. तो आपसूक फुगीर आणि शिवणीशिवाय मजबूत असे. हातमापाने शिवणाऱ्याला तो फुगीरपणा बाजूला पाखी, म्हणजे जादा कापडाची पट्टी, देऊन आणावा लागतो. ह्या दुकानाने पाखी दिलेली नाही, सपाट कापडावर सपाट खिसा ठोकला आहे. परिणाम असा की तीन क्लिपांच्या जागी दोनच शिरतात, तिसरी घुसवली तर झाकण टिचबटणापर्यंत पोचत नाही. दीडशेचा साज शंभराचा झाला. दोन्ही बाजूंना आणि तळाला साधारण एक इंचाची पाखी द्यायला सांगितली तर काम होतं, शिलाई वाढते.

झाकणाबद्दल एक ऐतिहासिक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण हा दोष मूळ साजातही होता. खंदकाच्या मातीच्या भिंतीला छाती टेकून गोळीबार करताना डाव्या पाऊचच्या खिशांची टिचबटणं घासून उघडत आणि क्लिपा चिखलात पडत. १९१४ मध्येच डाव्या पाऊचच्या खिशांना वरून आवळणाऱ्या पट्ट्या देऊन सुधारित पाऊच काढावा लागला. ह्या दुकानाचा नमुना सुधारणेच्या आधीचा आहे आणि तो मूळ दोष त्याने अगदी इमानदारीने उचलला आहे: पालथं पडून दोन-तीनदा सरपटलं की डाव्या बाजूचे खालचे खिसे उघडतात. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांचं दृश्य असेल तर डाव्या पाऊचला पट्ट्या शिवून घ्या. इतिहासही जुळेल आणि मालही सांडणार नाही.

तिसरं म्हणजे कमरपट्टा. दुकानात तीन इंची चांगली सुती नवार नेहमी नसते, तेव्हा दोन इंचीच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चढवून शिवतात. असा पट्टा मधोमध ताठ आणि कडांना मऊ होतो, बक्कल त्याच्यावर घसरतं. तीन इंची अखंड नवार आल्याशिवाय पट्टा घेऊ नका. थांबावं लागलं तरी चालेल.

वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: क्लिपा दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून काढायच्या. एकाच बाजूचा पाऊच रिकामा केला की पट्टा भरलेल्या बाजूकडे फिरतो आणि पुढची क्लिप शोधताना हात चुकतो. हे सैनिकांनाही शिकावं लागे आणि नटांनाही शिकावं लागतं.

१९३७ च्या पाऊचवर फार वेळ घालवायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पायदळाची तुकडी ब्रेन ह्या हलक्या मशीनगनभोवती बांधलेली होती, आणि पाऊच रायफलच्या क्लिपांऐवजी ब्रेनच्या मॅगझीनच्या मापाने ठरला. एका पाऊचमध्ये ब्रेनची दोन मॅगझीन बसावीत हा हिशेब, आणि ती प्रत्येक रायफलवाल्याकडे दिलेली असत. रायफलची स्वतःची काडतुसं बऱ्याचदा बँडोलियरमध्येच राहत, तो घडी करून पाऊचमध्ये कोंबला जाई. ब्रेनच्या मॅगझीनमध्ये ३० काडतुसं मावत, पण कडांच्या त्याच भानगडीमुळे साधारण २८ च भरत. कमरपट्टा इथे सव्वादोन इंची. दुकानाच्या पाऊचची रुंदी ठीक आहे, खोली कमी. ब्रेनच्या मापाचा लाकडी ठोकळा टाकला तर झाकण बसत नाही. बँडोलियर ठेवायला पुरतो. इंचभर खोली वाढवून मागितली तर तोच पाऊच दोन्ही कामांना चालेल. पायदळाबाहेरच्या शिपायांसाठी ह्याच नमुन्यात वीस काडतुसांचे दोन खिशांचे छोटे पाऊच होते, ते दुकान शिवत नाही. तोफखान्याचा किंवा गाडीचालकाचा वेश करायचा असेल तर तेच योग्य दिसतील, मोठे पाऊच नाहीत.

दारूगोळा अंगावर कुठे आहे आणि हातात यायला किती वेळ लागतो, ह्याला सैन्यात एवढं महत्त्व का, हे नाईक यशवंत घाडगे ह्यांच्या शौर्यपत्रात वाचता येतं. १० जुलै १९४४, इटलीत वरच्या टायबर नदीचं खोरं, मराठा लाइट इन्फन्ट्रीची ३/५ पलटण. सोबतचे सगळे पडल्यावर घाडगे एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावले, बॉम्ब टाकला, टॉमीगन (हातातली छोटी मशीनगन) झाडली, आणि मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळीने ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भरलेलं मॅगझीन अंगावर असणं आणि ते बंदुकीत चढणं ह्यात जे चार-पाच सेकंद जातात, त्यासाठी हे सगळे पाऊच, झाकणं आणि टिचबटणं.

नाटकवाल्यांना आणखी एक गोष्ट आवर्जून. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचं दृश्य असेल तर जपानी शिपायालाही हाच साज बांधू नका. जपानी पट्ट्यावर पुढे तीस-तीस काडतुसांच्या दोन पेट्या आणि मागे साठची एक मोठी पेटी असे, एकूण १२०. मागच्या पेटीतून झाडता-झाडता काढता येत नसे, ती पुढच्या पेट्या भरायचा साठा होता. जर्मन शिपायाला दोन्ही बाजूंना तीन-तीन डब्यांचे चामडी पाऊच. दुसऱ्या महायुद्धातल्या रायफलवाल्याच्या डब्यात दोन क्लिपा, म्हणजे एका बाजूला तीस, एकूण साठ. तुकडीची गोळीबाराची मुख्य ताकद मशीनगनवाल्याकडे होती, म्हणून रायफलवाल्याला कमी पुरत असे. हे फरक प्रेक्षकाला नावाने कळत नाहीत, पण दोन सैन्यं वेगळी आहेत हे त्याला दिसतं.

चामडी पाऊच ह्या दुकानात मिळत नाहीत, ते चांगलंच. १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेल्या हिंदी पलटणींच्या अंगावर १९०३ च्या नमुन्याचा चामडी साज होता: खांद्यावरून पाच खिशांचा पन्नास काडतुसांचा बँडोलियर आणि कमरेवर वेगळे पाऊच. घोडदळासाठी नऊ खिशांचा, नव्वद काडतुसांचा. दिसायला देखणा, सांभाळायला कटकटीचा. पाण्यात भिजून वाळला की ताठ होतो, ताठ झाला की झाकणाच्या घडीला भेगा पडतात. आणि पितळ चामड्याला टेकून राहिलं की त्याच्यावर हिरवा जंगाल चढतो, काडतूस खिशाला चिकटतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन सैन्याला चामड्याच्या पट्ट्यांत नेमका हाच त्रास झाला, आणि अॅन्सन मिल्सचा विणलेला सुती पट्टा त्यातून पुढे आला. नागपुरात मे महिन्यात चामडं पापडासारखं वाळतं आणि जुलैत त्याच्यावर बुरशी येते, म्हणजे दोन्ही टोकांनी नुकसान. चामड्याचा हट्टच असेल तर मेणाचं तेल वर्षातून दोनदा आणि आत काहीही पितळी ठेवायचं नाही.

कापड तपासायची सोपी पद्धत: नवारीचा एक धागा ओढून पेटवा. सूत कागदासारखं जळतं, राख उरते, वास कागदाचा. प्लास्टिकचा धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. विदर्भाच्या कापसावर १८७७ पासून एम्प्रेस मिल चाललेल्या ह्या शहरात आज बाजारातली निम्मी नवार प्लास्टिकची निघावी, हे जरा मनाला लागतं. प्लास्टिकची नवार चकाकते, कॅमेऱ्याच्या दिव्यात तर फारच, आणि ती खाकीचा रंग धरत नाही. सुतीचा दोष असा की ती पहिल्या धुण्यात आक्रसते. कापायच्या आधी कापड आणि नवार रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवायला सांगा. हे न केल्याने धुतल्यावर पाऊचची झाकणं आखूड पडतात आणि टिचबटण चुकतं. जाड नवारीच्या जागी १८ ते २१ नंबरची सुई आणि जाड सुती धागा. बारीक सुईने शिवलं तर टाके सुटतात, कारण सुई थरांतून जाताना वाकते.

रंगाबाबत दुकान पिवळट खाकीकडे झुकतं. मूळ साज हिरवट खाकीकडे होता, आणि त्यावर ब्लँको नावाच्या रंगाचा लेप चढवत, त्यामुळे पलटणीगणिक छटा बदले. नवा करकरीत पाऊच खटकत असेल तर कपड्याचा रंग वापरू नका. कोऱ्या चहाच्या गाळलेल्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवा, दोन-तीनदा. नागपूरचं एप्रिलचं ऊन उरलेलं काम करतं.

आत काय भरायचं हा शेवटचा आणि सर्वात नाजूक मुद्दा. थ्री-नॉट-थ्री हा भारतात सर्वसामान्यांसाठी प्रतिबंधित बोअर (बंदुकीच्या नळीचं माप) आहे. हे काडतूस बराच काळ पोलिसांच्या रायफलीत होतं, उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० मध्ये ही रायफल निरोप देऊन बाजूला केली, त्यामुळे भंगारात कधीमधी तसलं काही हाती लागतं. खरं काडतूस परवान्याशिवाय बाळगणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. फायरिंग रेंजच्या भंगारातून आलेलं काहीही घेऊ नये, त्यात न फुटलेलं काय असेल ह्याचा नेम नसतो. ‘रिकामी आहे’ असं विकणाऱ्याच्या तोंडाचं ऐकू नये. सुतार लेथवर लाकडी काडतुसं कातून देतो: लांबी ७८ मिलिमीटर, बुडाची कड १३.७, वर पितळी आणि टोकाला तांबूस रंग. झाकणातून दिसणारी वरची क्लिप एवढीच लाकडी लागते. खाली वजनासाठी पिशवीत शिवलेली कोरडी वाळू भरा: १९०८ च्या पाऊचच्या प्रत्येक खिशात ४०० ग्रॅम, बँडोलियरच्या प्रत्येक खिशात २८० ग्रॅम. हे वजन भरलं की नट आपोआप शिपायासारखा चालतो. रिकाम्या पाऊचचा माणूस उड्या मारत चालतो आणि ते लपत नाही.

लष्करी वेशात स्टेजबाहेर, बर्डीवर किंवा कामठी रोडला फिरू नका. लोकांनी खरा शिपाई समजावं ह्या हेतूने तसा वेश घालणं कायद्याने गुन्हा आहे, आणि कामठीत छावणी असल्याने ह्या बाबतीत विचारणा लगेच होते.

मागणी द्यायची तर अशी द्या. बँडोलियर आहे तसा, फक्त पितळी टिचबटणं. एका शिपायामागे दोन घेतले तरी महाग पडत नाहीत आणि छातीवर फुली मारून घातले की पाऊचशिवायही वेश उभा राहतो. १९०८ ची जोडी घ्यायची असेल तर भिजवलेलं कापड, उलटा फर्मा, पाखी, तीन इंची अखंड नवार आणि डाव्या पाऊचला पट्ट्या, ह्या पाचही गोष्टी पावतीवर लिहून घ्या आणि आधी एकच जोडी शिवून, वाळू भरून, जमिनीवर सरपटून पाहा. मगच बाकीच्यांची मागणी. १९३७ चे पाऊच खोली वाढवल्याशिवाय घेऊ नका. हंगामाच्या तोंडावर, दसऱ्यानंतर, दुकानात वडसा-देसाईगंजकडच्या मंडळींची गर्दी होते आणि कारागीर घाईत जुना फर्माच पुढे ओढतात. श्रावणात मागणी नोंदवलेली बरी.